रंगोबांची परवानगी

कोकणातल्या एका गावात रंगोबा नावाचे एक भोळे मृदंगवादक राहत होते. देवाने त्यांना भक्ती रांजणभर दिली होती. समज देताना मात्र हात आखडता घेतला होता. सांगितलेले ते कधी विसरत नसत. सारी पंचाईत तिथेच होती.

त्यांची लेक केशर समुद्रापारच्या एका बेटावर नांदत होती. तिला मुलगा झाला. नातवाच्या बारशाला आपला मृदंग वाजलाच पाहिजे, हा रंगोबांचा ध्यास.

केशर फोनवर म्हणाली, "बाबा, इथे यायला व्हिसा लागत नाही. पण निघण्यापूर्वी परवानगी मात्र घ्यावी लागते हं."

"समजलो," रंगोबा म्हणाले.

त्यांनी स्नान केले आणि ग्रामदैवत रवळनाथाला कौल लावला. उजवीकडचे फूल पडले. देवाचा होकार घेऊन रंगोबा विमानतळावर पोचले.

खिडकीतल्या मुलीने विचारले, "आजोबा, परवानगी?"

"मिळाली. उजवी दिली."

"कुणी?"

"रवळनाथाने."

मुलीने कपाळाला हात लावला. "देवाची नव्हे, त्या देशाची हवी. ती मोबाइलवर येते. मोबाइलवर आलं तरच खरं."

"समजलो."

विमान गेले, रंगोबा घरी आले. पत्नी पारूबाई दारात आल्या. "आलात होय परत? या आत."

"मोबाइलवर अजून आलेलं नाही," म्हणत रंगोबा दारापुढच्या खळ्यातच बसले. शेवटी पारूबाईंनी घरातून फोन लावला, "या हो आत!" तेव्हा कुठे त्यांनी उंबरा ओलांडला.

सकाळी शेजारची सुलभा अर्ज भरायला बसली. "काका, मोबाइलपुढे चेहरा धरा. पासपोर्टातल्या फोटोसारखेच दिसायला हवं, नाहीतर अर्ज फेटाळतील."

"समजलो."

पासपोर्टाचा फोटो काढला त्या दिवशी रंगोबांची दाढ सुजली होती. त्यांनी डाव्या गालात अख्खी सुपारी कोंबली आणि चेहरा पुढे केला. परवानगी आली. सुपारी काही बाहेर आली नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी विमान बेटावर उतरले. तिथला अधिकारी कोकणातून गेलेल्यांचा पणतू. मराठी मोडकी, पण गोड. "आजोबा, परवानगी आहे तुमची. तरी आत सोडायचं की नाही, ते मी ठरवणार. इथं कशाला आलात?"

"बाऊ... शा... ला."

"तोंडात काय लपवलंय?"

रंगोबांनी सुपारी तळहातावर ठेवली आणि दाढदुखीपासूनची सगळी हकीकत सांगितली. अधिकारी हसून हसून बेजार झाला. मग गंभीर होऊन म्हणाला, "लपवाछपवी करू नये, आजोबा. आणि परवानगीशिवाय कुणी देशात शिरलेला दिसला, तर आम्हाला कळवावं. हा आमचा फोन नंबर."

"समजलो."

रंगोबा वेळेवर पोचले. पाळणा सजला होता. मृदंगावर थाप पडली, बायकांनी पाळणा म्हटला, बाळाची आत्या नाव सांगायला कानाशी वाकली. रंगोबांचे डोळे भरून आले.

"कुठून आलं गं हे माझं सोनं?" ते सहज म्हणाले.

विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "देवाघरून आलाय हो, थेट!"

मृदंग थांबला.

"निघण्यापूर्वी परवानगी घेतली होती?"

"तान्ह्या बाळाला कसली परवानगी? काय थट्टा करता!" विहीणबाई हसल्या.

"थांबा! नाव सांगू नका," म्हणून रंगोबांनी आत्याला अडवले. नातवावर माया होती, पण लपवाछपवी करायची नव्हती. जड मनाने त्यांनी फोन लावला.

"साहेब, माझ्या लेकीच्या घरात एक इसम शिरलाय. विनापरवानगी."

"कुठून आला?"

"देवाघरून."

"पासपोर्ट?"

"अंगावर कपडासुद्धा नव्हता म्हणतात."

"अरे बाप रे! नाव काय त्याचं?"

रंगोबांची छाती अभिमानाने फुगली.

"नाव ठेवायच्या आत पकडलाय, साहेब!"