कळंबपूरची बिनखोट मुलगी

"राजपुत्राचं लग्न ठरेपर्यंत कळंबपुरात दुसऱ्या कुणाचंही लग्न लागायचं नाही!"

राजा भैरवसेनानं दवंडी पिटवली आणि सगळ्या गावाच्या मुंडावळ्या खुंटीला टांगल्या गेल्या.

ठरेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? तेच कुणाला कळेना. दरबाराला थंडीची महिनाभर सुट्टी होती. राजाच्या आत्याबाई, काकासाहेब आणि राजज्योतिषी अप्पाशास्त्री यांना तेवढ्या महिन्यात मुली पाहण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. तिघं रोज शाली पांघरून घरोघरी जात, हुरडा, गूळपोळी, पोहे चापत, मुलीला चालायला लावत, वेणी सोडायला लावत आणि ढेकर देत उठत. "कळवतो हं!"

कळवायचे ते एकच. नापसंत! एकीचं पोह्यांतलं मीठ कमी होतं. दुसरीचं जास्त. तिसरीचं अगदी बरोबर होतं, तर आत्याबाई म्हणाल्या, "फार शहाणी दिसते!" अशा एक्केचाळीस मुली झाल्या.

कासाराची गोजरा मात्र मनातून पेटली होती. तांबट आळीतल्या रावजीशी तिचं लग्न ठरलेलं. पौष लागायला आठ दिवस उरलेले, आणि पौषात लग्नं नाहीत. रावजीच्या बापानं निरोप धाडला होता, "पौषाच्या आत झालं तर झालं. नाहीतर आम्ही नदीपलीकडची मुलगी करणार!" रावजी बापापुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. घंगाळावर हातोडा तेवढा जोरात आपटायचा. तरी गोजराला तोच हवा होता.

"गप्प राहा पोरी," तिचा बाप म्हणाला. "मोठ्यांच्या गोष्टी आहेत."

"मोठ्यांच्या गोष्टी आणि मोडतंय माझं लग्न!" असं म्हणून गोजरा तडक राजापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, सून तुम्हाला मिळेना, त्यात आमचा काय गुन्हा? बंदी उठवा!"

"राजाचा शब्द फिरत नसतो!" राजा गुरगुरला. "एवढी घाई आहे ना? मग तूच आण अशी मुलगी, जिच्यात या तिघांना एकही खोट काढता येणार नाही. तीन दिवसांत! आणलीस तर बंदी उठली. नाही आणलीस, तर तुझं लग्न आणखी तीन वर्षं बंद!"

आत्याबाई गालात हसल्या. आपल्याला खोट सापडणार नाही अशी मुलगी अजून जन्माला यायची होती.

गोजरानं विचारलं, "खोट काढता येणार नाही अशी मुलगी आणायची. एवढंच ना, महाराज?"

"एवढंच!"

दुसऱ्या दिवशी गोजरा बांगड्यांची टोपली घेऊन राणीवशात गेली. सगळी दुपार आतून हसण्याचे आवाज येत होते.

तिसऱ्या दिवशी सुट्टीतही मुद्दाम भरवलेल्या दरबारात ती आली, ती डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलेली एक मुलगी घेऊन. राजाशेजारचं आसन रिकामं होतं. राणीसाहेबांना म्हणे सर्दी झाली होती.

"तोंड दाखव!" काकासाहेब ओरडले.

"तोंड शेवटी," गोजरा म्हणाली. "आधी माहिती ऐका. मुलगी मुलापेक्षा दोन बोटं उंच आहे."

"शी!" आत्याबाईंनी नाक मुरडलं. "जोडा आहे की उंटाशेजारी शेळी? नापसंत!"

राजानं सिंहासनावर नकळत ताठ बसून घेतलं.

"बाप साधा मेंढपाळ. घरी चाळीस मेंढ्या."

"मेंढपाळ!" काकासाहेबांनी शाल झटकली. "राजघराण्याला लोकरीचा वास लागेल! नापसंत!"

"जन्म मूळ नक्षत्रावरचा."

अप्पाशास्त्र्यांनी कानांवर हात ठेवले. "अरे बापरे! सासरा वर्षभरात खलास! राज्य दोन वर्षांत बुडणार! हाकला तिला आधी!"

"शिवाय मोठ्यानं हसते. आणि झोपेत घोरते."

"घोरते?" तिघं एका सुरात किंचाळले. "असली मुलगी करील तो राजा मूर्खच म्हणायचा!"

तोच शालीआडून असं खळखळून हसू आलं की दरबार दचकला. शाल खाली पडली. आत राणी तुळजाबाई उभ्या होत्या!

"काय हो," राणीसाहेब राजाकडे वळल्या, "चंपाषष्ठीच्या जत्रेत कुणालाही न विचारता मला माळ घातलीत, तेव्हा या मंडळींचा सल्ला घ्यायला हवा होता, नाही का?"

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "अप्पाशास्त्री! माझे वडील नव्वद वर्षं जगले. हिच्या हातची भाकरी खाऊन! आणि राज्य? बुडालं का?"

"छे छे, महाराज!" शास्त्रीबुवा बोटं मोजू लागले. "मूळ नक्षत्र म्हणजे... चौथा चरण असला तर अत्यंत शुभ!"

"आणि उंची कशी शोभून दिसते!" आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"मेंढपाळ म्हणजे तर खंडोबाची खास माणसं!" काकासाहेबांनी हात जोडले.

गोजरा पुढे झाली. "आत्याबाई, नीट पाहून सांगा. या मुलीत खोट?"

"एकही नाही गं बाई!"

"काकासाहेब?"

"शोधून सापडणार नाही!"

"शास्त्रीबुवा?"

"साक्षात लक्ष्मी!"

गोजरा राजाकडे वळली. "ऐकलंत, महाराज? तिघांना एकही खोट काढता येत नाही अशी मुलगी आणली. अट पुरी झाली, बंदी उठवा! आता तिचं लग्न आधीच होऊन गेलंय, त्याला मी काय करू?"

राजा असा हसत सुटला की त्याचा मुकुट डोळ्यांवर आला. राणीसाहेब तर त्याच्याहून मोठ्यानं हसत होत्या.

"उठली! बंदी उठली!" राजा डोळे पुसत म्हणाला. "या तिघांना मेण्यात बसवून आपापल्या घरी पोचवा. युवराज आपली मुलगी आपण पाहतील. आणि गोजरा, तुझ्या लग्नाचा सगळा खर्च राजवाड्याचा! आणखी काय हवं ते माग."

"पौषाला पाच दिवस आहेत, महाराज, आणि गावात सदतीस नवऱ्या खोळंबल्यात. प्रत्येकीचा हिरवा चुडा राजवाड्याकडून द्या."

"दिला! माझ्यापेक्षा तुझंच मन मोठं निघालं की गं!"

"कसलं मन, महाराज?" गोजरानं टोपली कमरेवर घेतली. "कळंबपुरात बांगड्यांचं दुकान एकच आहे, आमचं!"