शिरा नसलेला गुरुवार

"सूट बंद केली तर बायका थांबतील का, आक्का? तेवढंच सांगा."

वृषाली मठाच्या ओट्यावर टेकली होती. मांडीवर फोन. रात्री आठ वाजेपर्यंत त्यावर गुंतवणूकदारांना उत्तर द्यायचं होतं.

आक्का फुलवाती वळत होत्या. टेकडीवरचा हा लहानसा मठ त्याच सांभाळायच्या. वृषाली शाळेत असताना त्यांच्याकडं पाठांतराला यायची. आता तिचा स्टार्टअप होता. बाळंतिणींना डिंकाचे, अळिवाचे लाडू घरपोच. पाच शहरं, चाळीस हजार गिऱ्हाइकं, लाडू वळायला साठ बायका.

"थांबतील का म्हणजे? तुझीच ना गिऱ्हाइकं?"

"माझीच. पण डबा मी निम्म्या भावात देते. उरलेला निम्मा गुंतवणूकदार भरतात."

"ते का भरतात?"

वृषाली हसली. आक्कांना हे कुठलं कळायला, असं तिला वाटलं.

"आठ वर्षांपूर्वी म्हणाले, नफ्याचं नाव काढू नका. नुसती गर्दी जमवा, जुन्या दुकानदारांना उठवा, पैसा आम्ही ओततो. मी उठवले. आमच्या पेठेतल्या चार लाडूवाल्या घरी बसल्या. मग म्हणाले, अजून जोरात पळा, नाहीतर दुसरं कुणी पुढं जाईल. पळाले. आता तीच माणसं म्हणतात, हातात काय उरतं ते दाखवा. सूट बंद करून चालवा, नाहीतर कंपनी विकून मोकळ्या व्हा."

"विकलीस तर?"

"घेणारा यंत्र आणणार. साठजणी घरी."

"आणि सूट बंद केलीस तर?"

"गिऱ्हाइकं गेली तर मीही घरी, त्याही घरी."

आक्कांनी आणखी एक फुलवात वळली.

"बायका तुझे लाडू का घेतात गं?"

"स्वस्त पडतात म्हणून." उत्तर तोंडातून गेलं आणि वृषालीला स्वतःलाच कसंतरी वाटलं.

आक्कांनी वाती खाली ठेवल्या. मागं वळून हाक मारली.

"सगुणा, रवा भाजू नकोस. आज शिरा नाही."

स्वयंपाकघरातून सगुणा म्हणाली, "आक्का, गुरुवार आहे."

"ठाऊक आहे."

"लोक मला खातील."

"खाऊ देत. आज तेवढंच मिळेल त्यांना."

मठात दर गुरुवारी आरतीनंतर साजूक तुपातला शिरा मिळायचा. दीडशे माणूस चढून यायचं. आजही आलं. पण तुपाचा वास नव्हता, आणि सगुणा दारातच हात हलवून सांगत होती.

एकाला घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दोघी जावांकडं एकदमच पाहुणे आले. एका काकांनी पायरीवरूनच, चपला न काढता, हात जोडले आणि वळले.

वृषालीला आक्कांकडं बघवेना.

आरती सुरू झाली तेव्हा आत नऊ माणसं होती. सूर कुणाचाच कुणाला लागत नव्हता. एक म्हातारी मात्र डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून म्हणत होती.

आरती संपली. आक्का तिच्यापुढं जाऊन बसल्या.

"आज शिरा नाही, आजी. तरी थांबलात?"

"मला साखर आहे, बाई. तुमचा शिरा मी शेजारच्या पोरांना नेते."

"मग येता कशाला एवढं चढून?"

म्हातारी लाजली. "लेक-सून दोघं कामाला जातात. दिवसभर तोंड मिटलेलं. इथं मोठ्यांदा म्हणता येतं. कुणी गप्प बसा म्हणत नाही..."



फोन वाजला. वृषालीनं एकदा वाजू दिला. मग उचलला.

"विकत नाही मी. उद्यापासून पूर्ण भाव." पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. "हो, विचार करूनच सांगतेय. आणि उद्या मला फोन करू नका. मी बाळंतिणींच्या घरी जाणार आहे."

तिनं फोन बंद करून पालथा ठेवला.

"आक्का... माझ्याकडं नऊसुद्धा उरल्या नाहीत तर?"

म्हातारी पायरीशी वाकून पायानं चपला चाचपत होती. आक्का तिच्याकडंच बघत होत्या.

"बारा वर्षं," आक्का म्हणाल्या, "दर गुरुवारी हिच्या हातावर मी शिरा ठेवत आले. येता कशाला, ते आज विचारलं."