विजेत्याची चटई

स्पेन देशात, ऑलिव्हच्या टेकड्यांच्या कुशीत, तोरेसेका नावाच्या गावात एकच टेनिस कोर्ट होतं. ते होतं लाल मातीचं. लाल मातीवर खेळलं की माती उखडते, बुटांचे आणि चेंडूंचे ठसे उमटतात. म्हणून खेळ संपला की लोखंडी दांड्याला बांधलेली काथ्याची रुंद चटई कोर्टभर ओढून माती सारखी करावी लागते. इतर गावांत दोघे खेळाडू आपापला अर्धा भाग ओढत. तोरेसेकाची रीत मात्र निराळी होती. तिथे जो जिंकेल त्याने सगळं कोर्ट एकट्याने ओढायचं, आणि जो हरेल त्याने अंजिराच्या झाडाखाली बसून लिंबाचं थंडगार सरबत प्यायचं.

ही रीत पाडली होती रेमेदिओस आत्याने. कोर्टाचा सगळा कारभार तिच्या हाती होता आणि सरबतही तीच करायची. कोणी कुरकुर केली की ती म्हणे, "हरलेला आधीच खचलेला असतो. त्याला आणखी कशाला दमवायचं? जिंकलेल्याच्या पायांत तेव्हा वारा भरलेला असतो. तो चटईला लावा." सगळं गाव तिला आत्या म्हणत असलं तरी गास्पारची ती खरीखुरी आत्या होती.

हा गास्पार म्हणजे गावाचं कौतुक. चेंडू त्याच्या रॅकेटला लागला की नुसता आवाज ऐकून लोक वळून बघत. त्याच्यात खोट शोधायचीच म्हटली तर एक होती, ती म्हणजे पोरगा कमालीचा आळशी होता. खेळायला तो कधी कंटाळत नसे, पण चटई ओढायची म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येई. भर उन्हात ती जडशीळ चटई, नाकातोंडात जाणारी ती धूळ, आणि समोर झाडाच्या सावलीत हरलेला भिडू गार पेल्याला ओठ लावून बसलेला. हे काही त्याला पटेना.

मग त्याने एक युक्ती काढली. सामना सुरू झाला की तो असा खेळे की बघणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. मधल्या गेममध्ये तर समोरच्याला तो चेंडूच दिसू देत नसे. आणि अगदी शेवटाला, जिंकायला एखादाच गुण उरला की त्याचा हात हळूच सैल पडे. एक सर्व्हिस जाळ्यात जाई, दुसरी रेषेबाहेर. मग आणखी एक चूक, मग आणखी एक. तो कपाळाला हात लावून चेहरा पाडे आणि रमतगमत अंजिराच्या झाडाखाली जाऊन बसे. "काय वाईट नशीब पोराचं," असं म्हणत आत्या त्याचा पेला काठोकाठ भरे.

त्याच्याविरुद्ध सगळ्यात जास्त जिंकला तो फर्मिन. हा त्याचा जिवलग दोस्त. फर्मिनचा खेळ बेताचाच होता, पण चटई ओढून ओढून त्याचे खांदे मात्र भरले.

मुलं मोठी झाली. फर्मिन शिकून दातांचा डॉक्टर झाला आणि गावातच त्याने दवाखाना थाटला. गास्पार व्यावसायिक टेनिस खेळायला देशोदेशी गेला. तिथे काही कोणी कोणाला चटई ओढायला लावत नाही. ते काम करायला वेगळी माणसं असतात. गास्पारने सुटकेचा श्वास टाकला. आता जिंकायला हरकत नव्हती.

पण झालं भलतंच. मोठमोठ्या खेळाडूंना तो घाम फोडी, पहिला सेट घेई, दुसऱ्यात पुढे जाई आणि जिंकायला एक गुण उरला की हात सैल. पंच निकाल सांगायचा तो दुसऱ्याच्याच नावाने. एकदा झालं, लोक हळहळले. पुन्हा झालं, लोक कुजबुजले. वर्षांमागून वर्षं असंच होत राहिलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'जवळजवळ गास्पार' ठेवून टाकलं. बिचाऱ्याने रॅकेट बदलून पाहिली, बूट बदलले, प्रशिक्षक बदलला, मांसाहार सोडला आणि पुन्हा धरला. मन शांत करायला एका डोंगरावर जाऊन बसला. तिथे सर्दी तेवढी झाली. इतका गुणी खेळाडू, पण एक चषक म्हणून घरी आला नाही.

तिशी उलटली. गुडघे बोलू लागले. गास्पारने ठरवलं, येत्या वसंतात प्रांताच्या राजधानीत स्पर्धा आहे, आपल्याच लाल मातीवर. ती जिंकलो तर ठीक, नाहीतर रॅकेट खुंटीला टांगायची. आणि हिवाळ्यात तो सरावासाठी गावी आला.

आल्या दिवशीच फर्मिनने दवाखान्याचं दार लोटलं आणि दोघे कोर्टवर उतरले. फर्मिनचं पोट सुटलं होतं, चार पावलांतच त्याला दम लागत होता. गास्पारने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. जिंकायला एकच गुण उरला. गास्पारने सर्व्हिस केली, ती जाळ्यात. दुसरी रेषेबाहेर. मग आणखी एक चूक, मग आणखी एक. गाव सोडून इतकी वर्षं झाली होती, आणि एक दातांचा डॉक्टर त्याला हरवून मोकळा झाला.

गास्पार आपोआप अंजिराच्या झाडाकडे चालू लागला. बसला आणि हात पुढे केला, पेल्यासाठी. फर्मिनने धापा टाकत चटईचा दोर खांद्यावर घेतला.

"अजून चटई चुकवतोस होय रे?" तो म्हणाला.

गास्पारचा हात तसाच हवेत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुझा चेहरा पडायचा ना, तो चेंडू रेषेबाहेर पडायच्या आधी पडायचा."

गास्पारला सगळे सामने आठवले. प्रत्येक वेळी शेवटच्या गुणाला हात सैल पडायचा तो भीतीने नव्हे, हे त्याला आता कळलं. लहानपणी त्यानेच त्या हाताला शिकवून ठेवलं होतं की जिंकणं जवळ आलं की सावली गाठायची. हात गुणी होता. शिकवलेलं विसरला नव्हता. गास्पारला आधी रडू आलं आणि मग स्वतःचंच हसू आलं.

तो उठला आणि फर्मिनच्या खांद्यावरचा दोर धरला. "दे इकडे. आजपासून मी ओढतो."

फर्मिनने दोर सोडला नाही. "हरलेल्याने चटईला हात लावायचा नाही. हवी असेल तर जिंकून घे."

झाडाखालून आत्या म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. तू आपलं सरबत पी." त्या दिवशीचं सरबत गास्पारला पहिल्यांदाच आंबट लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा खेळले. शेवटचा गुण आला आणि हात सैल पडला. तिसऱ्या दिवशीही तेच. गास्पार मनातून घाबरला, कारण आता त्याला खरंच जिंकायचं होतं आणि हात ऐकत नव्हता. मग एके दिवशी शेवटचा गुण आल्यावर त्याने चषकाचा विचार सोडून दिला. कोपऱ्यात पडलेल्या चटईकडे बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "आज ती माझी." सर्व्हिस रेषेच्या आत बसली. फर्मिनला ती दिसलीसुद्धा नाही.

गास्पारने चटई ओढली. खांदे भरून आले, डोळ्यांत धूळ गेली. पण मागे वळून बघितलं तर सगळे ठसे, सगळ्या चुका पुसल्या गेल्या होत्या आणि कोर्ट नव्या खेळासाठी तयार होतं. इतकं सुंदर काही आपण आजवर दुसऱ्यांना करू दिलं, याचं त्याला वाईट वाटलं. त्यानंतर हिवाळाभर बिचाऱ्या फर्मिनला सरबतच प्यावं लागलं. स्वतः दातांचा डॉक्टर असूनही त्याचे दात आंबले.

वसंत आला. राजधानीतल्या स्पर्धेत गास्पार एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्यात पोहोचला. समोर होता एक उंच, तरुण खेळाडू, ज्याचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. गॅलरीत फर्मिन होता आणि त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन आत्या बसली होती. पिशवीत सरबताची बाटली होती. भाच्यावर तिची माया होती, पण त्याचे सामने तिने बघितले होते.

शेवटचा गुण आला. गास्पार पुढे होता. गॅलरीत कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आता बघा, जवळजवळ." लोक हसले. गास्पारच्या हातात ती जुनी ओळखीची ढिलाई उतरू लागली. त्याने मान वर केली. कोर्टाच्या कुंपणाला चटया लटकवलेल्या होत्या. त्यांतली एक त्याने डोळ्यांनी निवडली आणि मग चेंडू वर फेकला.

सर्व्हिस रेषेच्या आत बसली, पण क्षणभर ते कोणालाच कळलं नाही. मग पंचाने निकाल सांगितला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो गास्पारच्या नावाने सांगितला. सगळी गॅलरी उठून उभी राहिली. चषक घेऊन माणसं कोर्टवर आली, तर विजेता जागेवर नाही. तो कुंपणापाशी जाऊन चटई सोडवत होता.

"अहो साहेब, हे आमचं काम आहे," चटईवाला गडबडून म्हणाला.

"आमच्या गावात ते जिंकणाऱ्याचं असतं," गास्पार म्हणाला, आणि दोर खांद्यावर टाकून चालू लागला. चषक घेतलेली माणसं ताटकळत उभी राहिली. आधी लोक गोंधळले, मग हसले, आणि मग त्याच्या प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवू लागले.

इकडे हरलेला तरुण खेळाडू मान खाली घालून बाकावर बसला होता. गॅलरीच्या कठड्यावरून एका म्हातारीने त्याच्यापुढे बाटली धरली.

"घे बाळ, लिंबाचं आहे," आत्या म्हणाली. "पण याची चटक लावून घेऊ नकोस."

गास्पारला त्या दिवशी घोटभरही सरबत मिळालं नाही. उन्हात, धुळीत, घामाने निथळत तो चटई ओढत राहिला, आणि त्याला मुळीच तहान लागली नव्हती.

तात्पर्य: जिंकल्यावर अंगावर पडणारं काम जो टाळायला शिकतो, तो नकळत जिंकणंच टाळायला शिकतो.