डाव्या पापणीचा हुकूम

एक होता राजा, धोंडोजी त्याचं नाव. राजाला डोळे दोन, पण राज्य चालायचं एकावर. कसं ते सांगते. कुंदे, आधी तो हात खाली घे. सुजलेला डोळा चोळायचा नसतो, कितीदा सांगायचं?

तर काय, त्या राज्यात पणजोबांपासूनची एक चाल होती. दरबारात राजा कुणालाही तोंडाने हो-नाही म्हणायचा नाही. नुसता डावा डोळा मिटला की मागणं मंजूर. दोन्ही उघडे राहिले की नामंजूर. आणि एकदा मंजूर झालेलं परत फिरवायचं नाही, बरं का.

एके सकाळी राजा उठला, तर डावी पापणी ही एवढी सुजलेली. कडेला लाल फोड, ठणका लागलेला, डोळा काही उघडेना. रांजणवाडी झाली होती, दुसरं काय! पण राजाला वाटलं, आपल्याला दृष्ट लागली. बरं, दरबार बंद ठेवावा, तर तिथली माणसं आणखी शहाणी. दरबार भरला नाही म्हणजे राजा गेला, असं धरून सगळे डोकी भादरून यायचे. मग काय, बसला बिचारा सिंहासनावर.

पहिला आला गवळी. त्याने राजाच्या हौदात म्हशी डुंबायला सोडायची परवानगी मागितली. डोळा मिटलेलाच, मंजूर! मग आला एक थट्टेखोर जावई. आमच्या सासूबाईंना सेनापती करा म्हणाला. तेही मंजूर. संध्याकाळी त्या सासूबाई, चंद्राकाकू, लाटणं घेऊन फौजेपुढे उभ्या.

ही बातमी गेली शेजारच्या गढीवर. तिथला सरदार बाजिंदराव महा आपमतलबी. त्याने लगेच निरोप धाडला, की पौर्णिमेला येतो, गावचं तळं मागायला. गावात तळं एकच. ते गेलं तर माणसांनी प्यायचं काय, गुरांना पाजायचं काय? पौर्णिमेला उरले होते आठ दिवस. राजाला घास गिळवेना.

मग सुरू झाले उपचार. जोशीबुवांनी लसूण चोळायला सांगितली. राजाने चोळली आणि महालभर थयथय नाचला. दुसऱ्या दिवशी न्हावी म्हणाला, चिमट्याने दाबून काढतो. दाबलं, तर बोराचा झाला आवळा. तिसऱ्या दिवशी राजाने स्वतःची अक्कल पाजळली. मिटलेल्या पापणीवर काजळाने उघडा डोळा काढून घेतला! आरशात पाहतो तर बुजगावणं. वर पापण्या चिकटल्या त्या वेगळ्याच.

मग राजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चक्क रडला. आत येसाई भात रांधत होती. तिने राजाला लहानपणी भरवलेलं, त्यामुळे ती त्याला धोंडूच म्हणायची. तिने आधी त्याला हात धुवायला लावले. मग काजळ हलकेच पुसून काढलं. गरम पाण्यात स्वच्छ फडकं बुडवलं, पिळलं, आपल्या मनगटाला लावून पाहिलं. सोसवेल इतकंच ऊन हवं, नाहीतर पापणी भाजायची. मग ते मिटल्या डोळ्यावर ठेवलं. गार झालं की पुन्हा ऊन करून. असं भात शिजेपर्यंत, दिवसातून चार वेळा.

दुसऱ्याच दिवशी राजाचं सुरू झालं, अजून फोड का बसत नाही? जरासा दाबून बघू का?

येसाई म्हणाली, "धोंडू, सारखं झाकण काढलं तर भात शिजतो का रे? आपण ऊब द्यायची आणि हात आवरायचा. बाकीचं त्याचं तो करतो."

आणि सगळा डोळाच सुजत गेला, ताप आला, नाहीतर अंधुक दिसायला लागलं, तर मात्र शेकत बसायचं नाही, तडक वैद्य गाठायचा, हेही तिने बजावलं.

तसं काही झालं नाही. फोड आपणच फुटला, सूज ओसरली. पौर्णिमेच्या सकाळी डोळा उघडला.

आला बाजिंदराव. त्याने तळं मागितलं आणि नेमकी त्याच घडीला पापणीला खाज सुटली! चोळायला जावं तर डावा डोळा मिटणार, आणि तळं जाणार. सरदार पक्का. त्याने बोलणं लांबवलं. तळ्यातलं पाणी, तळ्यातले मासे, तळ्यातली कमळं. राजाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. डोळ्यांतून धारा लागल्या, पण डावा डोळा मिटला नाही. बोलून बोलून सरदाराच्याच घशाला कोरड पडली. चंद्राकाकूंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं, त्याच तळ्याचं, आणि लाटण्याने वाट दाखवली.

तळं वाचलं. राजाने पणजोबांची चाल मोडली आणि भर दरबारात तोंड उघडलं. पहिलं वाक्य काय बोलला, सांगू? "येसाई, भात वाढ." मग सगळे सुखाने नांदले, हौदातल्या म्हशीसुद्धा.

चला, पांघरुणं घ्या आता. कुंदे, उद्या सकाळी शेक घ्यायचा आणि रडारड करायची नाही. कबूल? राहू दे, बोलू नकोस. डावा डोळा मिटलेलाच आहे तुझा, झालं मंजूर. आता उजवाही मीट बघू.