ताजी बसवलेली काच

एकदा भालचंद्रराव नावाच्या बियाण्याच्या व्यापाऱ्याने रागाच्या भरात गोदामाचे कुलूप मुलाच्या दिशेने भिरकावले. मुलगा वाचला, पण कुलूप अंगणातल्या मोटारीच्या मागच्या छोट्या, न उघडणाऱ्या काचेवर बसले आणि तिचा चुरा झाला. भांडण कशावरून, तर मुलाने न विचारता गोदामाला रंग दिला! एवढ्यासाठी कुणी कुलूप फेकतो? पण घरी त्यांच्या रागाला सगळे मुकाट्याने वाट करून देत. त्या मोटारीशेजारी चार महिन्यांपूर्वी घरात आलेली सून, केतकी, उभी होती. त्याच दिवशी ती माहेरी निघून गेली.

तिला आणायला रविवारी जायचे ठरले. गॅरेजमध्ये मोटार नेली असती तर काच कशी फुटली हे कुणीतरी विचारलेच असते, आणि ती लाज भालचंद्ररावांना नको होती. म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी नवी काच घरीच बसवायला घेतली आणि घरातले सगळे ठाऊक असलेल्या वृद्ध नाना मिस्त्रींना बोलावले. तरुणपणी ते नानांच्या हाताखाली मोटारीचे काम शिकले होते.

नाना स्टुलावर बसून सांगत गेले, हात भालचंद्ररावांनी चालवले. काचेचे तुकडे वेचले, काच चिकटवणारे जुने सीलंट सुरीने कापले, कड पुसून स्वच्छ केली. मग काळ्या सीलंटची सलग रेघ ओढून काच दाबून बसवली आणि वरून चिकटपट्ट्या लावल्या. काम संपताच नाना उठले आणि त्यांनी पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या.

"अहो नाना, धूळ जाईल आत! सकाळपासून घासतोय मी."

"जाऊ दे. उद्यापर्यंत काचा खालीच ठेव. आणि दार आपटू नकोस."

नाना नळावर हात धुवायला गेले. भालचंद्रराव स्टिअरिंगपुढे बसून आतली धूळ पुसू लागले, तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"बाबा, केतकी उद्या येत नाही म्हणते. तिला तुमची भीती वाटते."

"भीती? मी काय खातो तिला?" झाले! कपाळाची शीर तडतडली. त्यांनी हट्टाने दोन्ही काचा वर घेतल्या, बाहेर पडले आणि दार धाडकन आपटले.

मागे चिकटपट्ट्या टरकन सुटल्या. नवी काच एका बाजूने बाहेर येऊन लोंबू लागली.

"फसवलं मला दुकानदारानं! भिकार काच गळ्यात मारली!"

नाना धावत आले, दोन्ही तळव्यांनी काच जागी दाबली आणि आयुष्यात प्रथमच शिष्यावर कडाडले.

"गप्प बस! काचेला नावं ठेवू नकोस. दार तू आपटलंस. बंद गाडीतली हवा जाणार कुठे? ती सगळ्याच काचांना ढकलते. जुन्या काचा घट्ट बसलेल्या, त्या हलत नाहीत. जिचं सीलंट अजून ओलं आहे, ती बाहेर फेकली जाते. तुझी बायको तीस वर्षं हा दणका सोसते आहे, मुलगा जन्मल्यापासून. ते हलत नाहीत, म्हणून तुला वाटतं की दणका कुणाला बसतच नाही. अरे, राग तुझा मुलावर होता ना? मग घराबाहेर कोण पडलं?"

 भालचंद्ररावांनी दार हळूच उघडले, काचा खाली केल्या आणि दार तळहाताने लोटून लावले. मग त्यांनी स्वतः सुनेला फोन केला.

"केतकी, कुलूप मी फेकलं. चूक माझीच होती. उद्याची घाई नाही. तुला वाटेल तेव्हा ये, आणि नाहीच वाटलं तर तसंही सांग."

 हलक्या आवाजात तिने विचारले, "बाबा, काच बसली का?"

त्यांनी मागे पाहिले. नानांचे तळवे अजून काचेवरच होते.

"नाही गं, अजून ओली आहे," ते म्हणाले. "आता मी दार आपटणार नाही."