सालोमीच्या मातीला वरातीचा ठेका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, प्रवरेच्या काठची. खरी-खोटी ऐकणाऱ्यानं ठरवावी. मला तर सांगतानाही अजून धक्का बसतो.

आमच्या गावात योनाबा नावाचा हलगीवाला होता. त्याचे ठेके दोन. मयतीचा संथ, वरातीचा उडता. ख्रिस्ती वस्तीतलं लहान मूलही घरात बसून ओळखायचं, की बाहेरून मयत चाललीय की नवरी.

योनाबाची एकुलती एक लेक सालोमी. ईस्टरनंतरच्या सोमवारी तिचं लग्न होतं. दोन दिवस ताप आला आणि शनिवारी पोर गेली. लग्नाच्या साडीतच तिला पेटीत ठेवलं. माती द्यायची ती नेमकी ईस्टरच्या सकाळी. देवळात पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." त्यावरचं नेहमीचं उत्तर, "खरोखर उठला आहे," लोकांनी कसंबसं पुटपुटलं.

कबरस्तानात तर भलतंच झालं. सालोमीची आई राहेल स्वतःच कबरेत उतरली आणि बसून राहिली. "आधी माझ्यावर माती लोटा," म्हणाली. डोळ्यांत टिपूस नाही. पाळकसाहेबांनी हात जोडले, तिच्या भावानं ओढून पाहिलं. बाई हलेना. ऊन चढलं. आज एकाच खड्ड्यात दोघी जाणार, या भीतीनं लोक गारठले.

तेव्हा योनाबानं हलगी घेतली आणि वाजवली. वरातीचा ठेका.

माणसं जागच्या जागी थिजली. राहेलच्या भावानं त्याचं मनगट धरलं. "दाजी, येड लागलं का? पोरीची माती हाये ही."

योनाबा रडत होता. म्हणाला, "पाळकसाहेब, ती उठणार हाये ना? तुमीच सांगता. मग म्या कंचा ठेका धरू?"

पाळकसाहेबांनी भावाचा हात सोडवला, एवढंच.

हलगी पुन्हा सुरू झाली. असं म्हणतात, कातडं ताणायला हलगी शेकावी लागते आणि तिथं जाळ नव्हता, तरी तिचा आवाज तीन गावं गेला. असं म्हणतात, सगळ्या कबरांखालची जमीन त्या ठेक्यावर धडधडायला लागली आणि ते राहेलला तळपायांतून कळलं. तिनं वर पाहिलं. डोळे पहिल्यांदा वाहिले.

"सावकाश वाजवा," ती म्हणाली. "पोरीला नटायला येळ लागतो." आणि वर यायला तिनं हात पुढं केला.

आजही ईस्टरच्या पहाटे योनाबाच्या नावानं कबरस्तानात वरातीचा ठेका वाजतो. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं, ते घर सगळ्यांच्या पुढं नाचतं. परगावचे पाहुणे बघून हादरतात. नाचणाऱ्याला हुंदका आला, तर शेजारचा खांद्यावर हात टाकून म्हणतो, "रडा की, कुणी अडवलंय? फकस्त ठेका चुकू देऊ नका."