हत्तीचा नवा गाभा

एका गावात विकतचं पीठ कुणी खात नसे. दळण घरच्या जात्यावर, चूल घरच्या मातीची, खाटेची सुतळीसुद्धा घरीच वळलेली. एखादीने बाजारातून तयार पापड आणलेच, तर शेजारणी तोंडावर काही बोलत नसत, पण पापड मोडताना एकमेकींकडे बघत मात्र नक्की. असं ते हट्टी गाव.

अशा गावात संगणक आला, तेव्हा तोही गावच्याच वळणावर गेला. इतर गावं संगणकात तयार प्रणाली भरून मोकळी होत. इथे ते कुणाला रुचेना. प्रत्येक प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, आणायचा, हवं ते ठेवायचं, नको ते वगळायचं आणि आपल्याच संगणकावर त्यातून आपल्या मापाचा प्रोग्रॅम तयार करायचा. शिकलेले लोक याला कंपाइल करणं म्हणतात. गाव म्हणायचं, "दळण लावलंय." हे दळण कधी तासभर चाले, कधी दिवसभर. पण बाहेरचं तयार घ्यायचं नाही म्हणजे नाही!

आणि या संगणकावर चालायचं काय? एक हत्ती! बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड, पाठीवर झूल. गावच्या वेशीवर तो गुडघे मोडून बसलेला असे. जत्रेत देवीची पालखी वेशीत शिरली की उठायचा, कान हलवायचा आणि सोंडेने पालखीवर फुलं उधळायचा. ते बघायला पंचक्रोशीतली पोरं आईचा पदर ओढत यायची.

हत्ती सांभाळायची हौसा नावाची बाई. नवीन काही कानावर आलं की ते करून बघितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तिचा नवरा सोनबा जत्रेत ढोल वाजवायचा आणि एरवी "चाललंय ते चालू दे" एवढं एकच वाक्य वाजवायचा.

पण गेल्या जत्रेत चालेनासं झालं. पालखी वेशीत आली, ढोल घुमला, आणि हत्ती आपला बसूनच. पालखी पुढे गेल्यावर तो उठला, त्याने सोंड फिरवली, आणि सगळी फुलं पडली पालखीमागून चाललेल्या एका म्हशीवर. म्हैस खूश झाली, पण पंच भडकले. "यंदा फुलं देवीवर पडली नाहीत, तर पुढच्या वर्षापासून पालखी पलीकडच्या गावाला," त्यांनी सांगून टाकलं. पलीकडचं गाव तर टपूनच बसलं होतं.

यात बांबूचा काही दोष नव्हता. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक कर्नेल असतो. गाव त्याला गाभा म्हणे. कुणाचं काम आधी करायचं आणि कुणाचं मागून, हे तोच ठरवतो. हत्तीचा गाभा भला होता, पण संथ, आणि वर्षागणिक त्याच्यामागची कामं वाढत गेली होती. सगळ्यांना पंगतीत बसवून एका टोकाकडून वाढत जायचा. गेल्या जत्रेत पालखी आल्याची वर्दी सोंडेपर्यंत पोचली, तेव्हा पालखी पुढे निघून गेली होती.

एके दिवशी हौसा धावतच घरी आली. "अहो, ऐकलंत का! दुसरा गाभा मिळतोय! दूरदेशीच्या हौशी लोकांनी लिहिलाय आणि सगळ्यांना मोकळा ठेवलाय. निकडीचं काम आलं की तो पंगत मोडून आधी त्याला वाढतो. आपला हत्ती वाऱ्यासारखा उठेल!"

"आणि नाही उठला तर?" सोनबा म्हणाला. "चाललंय ते चालू दे."

"चाललंय कुठे? म्हशीवर फुलं वाहायची आहेत का परत?"

 हौसाने त्याच दिवशी सोर्स कोड आणला आणि वेशीवर हत्तीशेजारच्या संगणकापाशी कामाला बसली.

गाभा तयार करायच्या आधी संगणक एकेका भागाबद्दल विचारतो : हा भाग गाभ्याच्या आतच मिसळू, की डिस्कवर बाजूला ठेवू? बाजूला ठेवला तर लागेल तेव्हा उचलता येतो आणि गाभा हलका राहतो. हौसाला तर हत्ती पिसासारखा हलका हवा होता. पहिले काही प्रश्न तिने नीट वाचले. मग आनंदाच्या भरात तिचा हात असा सुटला, की प्रत्येक प्रश्नाला "बाजूला ठेव, बाजूला ठेव" म्हणत ती पुढे निघाली. शेवटी तिने दळण लावलं. संगणक जुना, काम मोठं. अक्षरं सरकत राहिली आणि हौसा येता-जाता त्यांच्याकडे बघून हसत राहिली.

दळण संपलं ते थेट जत्रेच्या सकाळी. आता नवा गाभा जागेवर ठेवायचा. संगणकात गाभ्यासाठी एक वेगळा छोटासा कप्पा असतो. हौसा गाभा तिथे ठेवायला गेली, तर संगणक म्हणाला : जागा नाही!

कप्प्यात दोनच मोठ्या गोष्टी होत्या. एक जुना गाभा, आणि दुसरं हौसाचं चित्र. हे चित्र तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं. सजवलेला हत्ती आणि त्याच्या मानेवर माहूत होऊन बसलेली ती स्वतः, नऊवारी नेसून, नथ घालून. संगणक सुरू होताना वेशीवरच्या मोठ्या पडद्यावर आधी हे चित्र झळकायचं आणि पोरं टाळ्या पिटायची. वर्षातून एकदाच तिला त्या टाळ्या मिळायच्या.

एक काहीतरी काढायला हवं होतं. "आता जुन्याचं काय काम?" हौसा स्वतःशीच म्हणाली आणि जुना गाभा पुसायला तिने बोट उचललं. तेवढ्यात वेशीलगतच्या त्यांच्या घरातून सोनबाची हाक आली. "अगं, ढोल गळ्यात अडकवायचाय मला. उपाशी वाजवू का?"

ती धुसफुसतच घरी गेली. जत्रेसाठी त्या गावात दर वर्षी घरोघरी नवी चूल मांडतात. हौसानेही मांडली होती, पण मन सगळं गाभ्यात, म्हणून जरा उशिराच. चूल अजून ओली होती. लाकडं सारली तर नुसता धूर. दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, ही आज काही ऐकत नाही. जुनीवर टाक की भाकरी. विस्तव आहे अजून तिच्यात."

"जुनी आज मोडायचीच आहे."

"मोड ना. पण नवीवरची पहिली भाकरी फुगल्याशिवाय जुनीला कुणी हात लावतं का?" सोनबा सहज बोलला. त्याचं सगळं लक्ष भाकरीकडे होतं.

हौसाचा थापता हात थांबला. ही गावची रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. दर वर्षी ती पाळतही आली होती. आणि तिकडे संगणकापाशी नेमकी तीच विसरून ती काय करायला निघाली होती? तिने भाकरी जुनीवरच्या तव्यावर टाकली आणि म्हणाली, "उलटा तुम्ही!" सोनबाने उलथनं उचललं.

पिठाच्या हातांनीच ती संगणकापुढे बसली. नथ घातलेली हौसा हत्तीवरून तिच्याकडे बघून हसत होती. हौसाला गलबलून आलं. पण तिने डोळे मिटले आणि चित्र पुसून टाकलं. नवा गाभा कप्प्यात जुन्याच्या शेजारी जाऊन बसला.

सोनबा भाकरी खाऊन कधीचा गेला होता. इतक्यात त्याचा ढोल घुमला! पालखी वडापाशी आली होती. तिथून वेस हाकेच्या अंतरावर. वेशीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. हौसाने देवीचं नाव घेतलं आणि संगणक नव्या गाभ्यावर सुरू केला. पडद्यावर अक्षरं भराभर धावली. काय तो वेग! आणि मग ती एकदम थांबली. शेवटची ओळ होती : मुख्य डिस्क उघडता येत नाही, पुढे जाता येत नाही.

"हत्तीला डुलकी लागली वाटतं!" पलीकडच्या गावचा कुणीतरी ओरडला. लोक खोखो हसले. 

पण जुना गाभा होता! तिने संगणक पुन्हा सुरू केला. पडद्यावर दोन नावं आली आणि तिने जुन्यावर बोट ठेवलं. संथपणे, आपल्या नेहमीच्या चालीने, जुना गाभा उठला. त्याने डिस्क उघडली, सगळं जिथल्या तिथे मांडलं. आता हौसाला बघता आलं की चुकलं कुठे. बघितलं आणि तिने कपाळावर हात मारला. डिस्क उघडणारा भागसुद्धा तिने "बाजूला ठेव" म्हणून डिस्कवरच ठेवला होता. किल्ली पेटीत टाकून पेटीला कुलूप लावावं, तशी गत!

ती वडाकडे धावली. "अहो, पालखी थोपवा!"

"पालखी काय बैल आहे थोपवायला?" सोनबा म्हणाला.

"ढोल वाजतोय तोवर भोई पालखी नाचवतात ना? मग वाजवत राहा. माझं दळण होईस्तोवर थांबू नका!"

सोनबाने तिच्या तोंडाकडे बघितलं. चाललंय ते चालू दे, हे त्याने जन्मात पहिल्यांदा खऱ्या कामाला लावलं. असा काही ढोल पिटला की पालखी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. गुलाल उडाला, म्हातारेही नाचायला लागले.

इकडे हौसाने तो एक भाग गाभ्याच्या आत मिसळला आणि दळण लावलं, जुन्या गाभ्यावरच. बाकी सगळं आधीच तयार होतं, उरलं होतं थोडंसंच. पण ते थोडंसं सरेल तर शपथ! "चल गं माझी बाई, चल," ती पडद्याला विनवत होती. वडापाशी भोई ओरडत होते, "सोनबा, पुरे! खांदे निखळले!" सोनबाच्या हातांना फोड आले होते, तरी टिपरू खाली येत नव्हतं.

दळण संपलं! हौसाने तो फसलेल्या गाभ्याच्या जागी ठेवला, संगणक नव्याने सुरू केला आणि वेशीवरून पदर हलवला. ढोलाची चाल बदलली, पालखी निघाली. अक्षरं धावली, डिस्क उघडली, पालखीचा दांडा वेशीत शिरला, आणि हत्ती उठला! असा उठला की पुढे उभी असलेली पोरं किंचाळून मागे सरली. कान हलले, सोंड फिरली आणि झेंडू-शेवंतीचा सडा थेट देवीच्या मुखवट्यावर पडला. म्हशीला या वेळी एक पाकळीही मिळाली नाही. पंच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते आणि हौसा रडत होती, हसत होती, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी नवी चूल वाळली. पहिली भाकरी टम्म फुगली. फोडांवर हळद लावून बसलेला सोनबा आता नव्याचा एवढा भक्त झाला होता की म्हणाला, "काय तुझा नवा गाभा! आता तो जुना टाक पुसून आणि तुझं चित्र नव्याने काढून लाव परत. काल पोरं विचारत होती, हत्तीवरची बाई कुठे गेली म्हणून."

हौसाला क्षणभर मोह झाला. मग ती हसली. "राहू दे हो जुना. अजून कुठे पहिलीच भाकरी फुगलीय. काल नवा गाभा भाजला कशावर, ठाऊक आहे ना? माझं चित्र फार देखणं होतं, पण त्याच्यावर भाकरी भाजता आली नसती."

तात्पर्य : नवी चूल हौसेने मांडावी, पण तिच्यावर भाकरी फुगेपर्यंत जुनीतला विस्तव विझू देऊ नये.